‘नंद’ हें नांव व नंदुरबारचा नंद गवळी

नंदुरबार हें शहर नंद नांवाच्या गवळी राजानें वसविलें, मुसलमानी अंमल येईपर्यंत तें त्याच्याच घराण्याकडे राहिलें, आणि त्याच्याच नांवावरून गांवास आजचें नांव पडलें, अशी समजूत खानदेशांत फार दिवसांपासून रूढ आहे. लिखित आधार विचारला असतां मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या बाराव्या खंडाकडे, म्हणजे इ. स. १८८० त प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या वर्णनाकडे, बोट दाखविण्यांत येतें. त्या खंडांत ही हकीकत स्थानिक परंपरा म्हणून दोन-चार ओळींत आली आहे. संपादकांनीं तिला प्रमाण म्हटलेलें नाहीं व तिची पारखहि केलेली नाहीं. पुढें मात्र ‘परंपरा’ हा शब्द गळाला आणि ‘इतिहास’ तेवढा उरला. दिनांक १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हांपासून जिल्ह्याच्या परिचयपर लिखाणांत नंदराजा आरंभींच येऊन बसतो, आणि त्याच्यामागें ‘असें सांगतात’ हे शब्दहि पुष्कळदां नसतात.

माणसावरून गांवास नांव पडलें, कीं गांवावरून माणूस निर्माण झाला, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचा निकाल दंतकथेच्या गोडीवर लावतां येत नाहीं. त्यासाठीं ‘नंद’ हें पुरुषनाम मुळांत काय आहे, कोठून आलें व कोणाकोणास लागलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हें नांव संस्कृत ‘नन्द्’ ह्या धातूपासून निघालें आहे. आज आपण त्याचा अर्थ ‘आनंद होणें’ असा करतों. परंतु धातुपाठांत त्याचा अर्थ समृद्धि असा दिला आहे, व तोच जुना दिसतो. भरभराट आधीं, हर्ष मागून. पाणिनीनें तिसऱ्या अध्यायांत ह्या धातूस आरंभीं घेऊन एक गणच सांगितला आहे. ‘नन्दन’ हें रूप त्याच मार्गानें सिद्ध होतें. तेव्हां ज्या मुलाचें नांव नंद ठेविलें त्याच्याविषयीं आईबापांची इच्छा, तो हंसतमुख असावा एवढीच नव्हती. त्याच्या पायगुणानें घर भरावें, गोठा भरावा, वंश वाढावा, अशी होती. मराठीनें हा जुना अर्थ संस्कृत काव्यांपेक्षांहि चांगला जपला आहे. ‘नांदणें’ ह्या क्रियापदांत हर्षाचा भाग थोडा, आणि सुखानें वस्ती करून राहण्याचा भाग अधिक. सून सासरीं नांदते, लक्ष्मी घरांत नांदते, गोकुळ नांदतें. (उलट बाजूस ‘ननांदा’ ह्या शब्दाची व्युत्पत्ति जुन्या वैयाकरणांनीं ‘जी कधींच संतुष्ट होत नाहीं ती’ अशी लाविली आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निर्णय आम्ही वाचकांच्या घरांतील अनुभवावर सोडतों.) ‘नन्द’चें ‘नांद’ होणें हें मराठीच्या नित्य नियमास धरून आहे, दन्त–दांत, स्कन्ध–खांदा, चन्द्र–चांद हीं त्याचींच भावंडें होत.

नांव फार जुनें व सर्व पंथांत चाललेलें आहे. महाभारतांतील धृतराष्ट्राच्या शंभर पुत्रांत नंद व उपनंद आहेत. भगवान बुद्धाच्या सावत्र भावाचें नांव नंद. त्याच्यावर अश्वघोषानें ‘सौन्दरनन्द’ हें काव्य रचिलें. मगधाचें नंदकुल तर प्रसिद्धच आहे. महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें तर मावळांतील बेडसें येथील लेण्यांत नाशिकच्या आनंद नांवाच्या एका श्रेष्ठीच्या मुलाचें, पुसणकाचें, दान कोरलेलें आहे. हा लेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा. कोरणारानें ‘आनंद’ हें नांव ‘अनद’ असें खोदलें आहे, म्हणजे अनुस्वार गाळला आहे. ही बारीक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती पुन्हा लागेल. सारांश, क्षत्रिय, शाक्य, शूद्रोत्पन्न म्हटलेले सम्राट् व नाशिकचा वाणी ह्या सर्वांच्या नांवांत हा एकच धातु आहे. तो कोणा एका जातीचा नाहीं.

मग गवळ्यांशीं ह्या नांवाचें इतकें सख्य कशामुळें जमलें? अर्थात् कृष्णकथेमुळें. हरिवंशांत, भासाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या ‘बालचरित’ नाटकांत व पुढें भागवतांत कृष्णाचा पालक पिता नंदगोप आहे. भागवताचा प्रसार झाल्यावर सर्व हिंदुस्थानांत ‘नंद’ म्हटला कीं गोकुळचा गवळी डोळ्यांपुढें उभा राहूं लागला. मराठींतील नंदकुमार, नंदलाल, नंदकिशोर हीं नांवें नंदाचीं नव्हेत, त्याच्या पोराचीं आहेत. मूळचें स्वतंत्र नांव मागें पडलें व पुराणांतल्या एका व्यक्तीची छाया त्यावर कायमची पडली. म्हणून एखाद्या दंतकथेंत ‘नंद’ व ‘गवळी’ हे दोन शब्द जोडून आले म्हणजे तेथें इतिहास बोलत आहे कीं पुराण, हें दोनदां विचारलें पाहिजे.

आतां गॅझेटियरांतील परंपरेकडे वळूं. तींत नंद गवळ्याच्या घराण्याकडून हें गांव मुइनुद्दीन चिश्तीच्या वेळीं मुसलमानांनीं घेतलें, व त्या फौजेचा सरदार सय्यद अलाउद्दीन नांवाचा पीर होता, असें म्हटलें आहे. अजमेरचे ख्वाजा मुइनुद्दीन इ. स. १२३६ त वारले. त्या सालीं देवगिरीच्या गादीवर यादव सिंघण होता व त्याच्या फौजा गुजराथेवर चालून जात होत्या. दिल्लीच्या सैन्यानें विंध्य-सातपुडा ओलांडून देवगिरीवर पहिली स्वारी केली ती इ. स. १२९६ त, अलाउद्दीन खिलजीच्या नेतृत्वाखालीं. म्हणजे ख्वाजासाहेबांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं. पिराचें अलाउद्दीन व सुलतानाचें अलाउद्दीन हीं दोन नांवें लोकांच्या तोंडीं एकमेकांत मिसळलीं असणें अशक्य नाहीं. तें कसेंहि असो; ज्या परंपरेचा शेवटचा अंक कालगणनेवर टिकत नाहीं, तिचा पहिला अंक केवळ तिच्या शब्दावर स्वीकारतां येणार नाहीं.

गांवाच्या नांवाचा जुना व निश्चित कालाचा पुरावा आहे तो एका परक्या प्रवाशाचा. महंमद तुघलखानें चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठविलेला इब्न बतूता इ. स. १३४२ त दिल्लीहून निघाला, तो दौलताबादेहून नंदुरबारास आला व तेथून गुजराथेंतून खंबायतेस गेला. नंदुरबार हें मराठ्यांच्या वस्तीचें लहानसें शहर असून तेथील लोक कारागिरींत कुशल आहेत, वैद्य व ज्योतिषी आहेत. त्यांच्यांतील वरिष्ठ वर्ग ब्राह्मण व क्षत्रिय हा होय. तांदूळ, भाज्या व तिळाचें तेल हें त्यांचें अन्न. प्राण्यास दुखविणें त्यांस आवडत नाहीं. स्नान केल्यावांचून ते जेवीत नाहींत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. खानदेशच्या मराठी समाजाचें इतकें जुनें व इतकें आपुलकीचें वर्णन दुसरें क्वचितच असेल. पण त्यांत गवळी राजा नाहीं. पूर्वींच्या एखाद्या राजवंशाची आठवणहि नाहीं. एवढ्यावरून ती आठवण लोकांत नव्हतीच असें आम्ही म्हणत नाहीं, कारण प्रवाशाचें मौन हा पुरावा नव्हे. प्रवासी जें देतो तें नांव.

तें नांव अरबी लिपींत नून, ज़ाल, रे, बे, अलिफ, रे असें येतें, म्हणजे ‘नज़रबार’. अकबराच्या वेळीं हें गांव माळवा सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठिकाण होतें. आईन-इ-अकबरीच्या प्रतींतहि ‘नदरबार’, ‘नज़रबार’ अशींच रूपें दिसतात. ह्यावरून कोणीं ‘नजर’ शब्दाशीं, तर कोणीं ‘दरबार’ शब्दाशीं नातें जोडलें आहे. फारसी कागद वाचणारांस येथें घोटाळा कोठें आहे हें सांगावयास नको. दाल व ज़ाल ह्यांत फरक एका नुक्त्याचा. आणि दालापूर्वींचा अनुनासिक नून लिहिणारानें न लिहिला तर ‘नंदरबार’चें ‘नदरबार’ होतें. बेडशाच्या कोरक्यानें ‘आनंद’चा ‘अनद’ केला, तसेंच हें. लिपि वेगळी, शतकें वेगळीं, खोड एकच. तेव्हां ‘नजर’ व ‘दरबार’ हे दोन्ही दूर ठेवून, चवदाव्या शतकाच्या मध्यास ह्या गांवाचें नांव आजच्यासारखेंच, शेवटच्या ‘बार’सुद्धां, रूढ होतें, एवढें निश्चित धरावें.

नांवाचे दोन भाग स्वच्छ पडतात: ‘नंदुर’ व ‘बार’. पहिल्यासारखीं गांवें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. निफाड तालुक्यांत नांदूर मध्यमेश्वर, सिन्नर तालुक्यांत नांदूर शिंगोटें, बीड जिल्ह्यांत नांदूर घाट, बुलढाणें जिल्ह्यांत नांदुरा. ‘पुर’ शब्दांतील ‘प’ लोपून ‘उर, ऊर’ राहणें ही प्राकृताची सामान्य रीति आहे. त्या रीतीनें ‘नंदपुर’ अथवा ‘नंदिपुर’ ह्याचें ‘नांदूर’ होतें. पुढें ‘बार’ जोडल्यावर शब्दाचा जोर शेवटाकडे गेला व आरंभींचा दीर्घ ‘नां’ ह्रस्व झाला, ‘नाक’चें ‘नकटा’ होतांना जसें होतें तसें. ‘बार’ हा आमच्या मतें द्वारवाचक शब्द होय. संस्कृत ‘द्वार’ शब्दाचें प्राकृतांत ‘बार’ असें रूप हेमचंद्राच्या व्याकरणानें मान्य केलें आहे, व गुजराथींत ‘बारणुं’ आजहि दाराला म्हणतात. दख्खनेंतून गुजराथेंत उतरणारी वाट इब्न बतूतानें धरली तीच होती, आणि गांव अगदीं त्या वाटेच्या तोंडाशीं आहे. इतर अनेक नांदुरांपासून हें नांदूर ओळखूं यावें म्हणून त्यास ‘बार’ चिकटला, ही उपपत्ति आम्हांस सर्वांत सरळ वाटते.

आक्षेप घेणारा म्हणेल, ‘नंदपुर’ म्हणजे नंदाचेंच पुर. मग तुम्हीं नंदास घालविलें कोठें? आक्षेप योग्य आहे. केवळ व्याकरणानें नंद नांवाचा मनुष्य नाकारतां येत नाहीं. परंतु शेजारच्या मुलुखांतील ‘नंद’युक्त गांवांचा लेखी पुरावा पाहिला म्हणजे तराजू दुसऱ्या बाजूस झुकतो.

सातपुड्याच्या पलीकडे, अक्कलकुव्याच्या पश्चिमेस, राजपिपळ्याच्या प्रदेशांत नांदोद आहे. सहाव्या ते आठव्या शतकांत भडोच प्रांतावर राज्य करणाऱ्या गुर्जर राजांची नांदीपुरी ती हीच, असें पुष्कळ संशोधक मानतात. दुसऱ्या दद्दाचे खेडा येथें मिळालेले ताम्रपट, कलचुरि संवत् ३८० व ३८५ चे, म्हणजे इ. स. ६२९ व ६३४ च्या सुमाराचे, नांदीपुरीहूनच दिलेले आहेत. ह्या घराण्यांतील राजांचीं नांवें दद्द व जयभट. त्यांच्या पटांत नगरी वसविणारा कोणी नंद नाहीं. दुसरें उदाहरण गोदावरीकांठच्या नांदेडचें. येथें नऊ नंदांचा डेरा पडला म्हणून ‘नौ नंद डेरा’, अशी लोककथा आहे. आणि नवल असें कीं, मगधाच्या नंदांचें साम्राज्य गोदावरीपर्यंत पसरलें होतें ह्याचा एक पुरावा म्हणून मोठमोठ्या इतिहासकारांनींहि ह्या नांवाकडे बोट दाखविलें आहे. परंतु वाशीम येथें १९३९ सालीं वाकाटक विंध्यशक्ति (दुसरा) ह्याचा ताम्रपट उजेडांत आला, त्यांत ह्या भागाचें नांव ‘नांदीकड’ असें आहे. म्हणजे मूळ शब्द ‘नांदीकट’. नऊ नाहींत, नंद नाहींत आणि डेराहि नाहीं. नांदीपुरी, नांदीकट व नांदूर ह्या तिहींत समान आहे तो भरभराटीचा, शुभाचा वाचक शब्द, माणूस नव्हे. नवें ठाणें वसवितांना त्याला ‘नांदतें गांव’ असें मंगल नांव देण्याची ही रीत होती, आणि ती नन्द् धातूच्या मूळ अर्थाशीं पूर्णपणें जुळते. आईबाप ज्या इच्छेनें मुलाचें नांव नंद ठेवीत, त्याच इच्छेनें गांव वसविणारे गांवास नांदूर म्हणत. तेव्हां माणसाचें नांव हें गांवाच्या नांवाचा बाप नव्हे. दोघें एका आईचीं लेंकरें आहेत.

मग हा नंद गवळी जन्मला कसा? त्यासाठीं तापीखोऱ्याची संवय पाहिली पाहिजे. नगरें व देश माणसांच्या नांवांवर चालविण्याची हौस ह्या मुलुखाइतकी क्वचितच कोठें असेल. फारुकी नासिरखानानें इ. स. १४०० च्या सुमारास तापीकांठीं शहर वसवून त्यास खुलदाबादचे संत बुऱ्हाणुद्दीन ग़रीब ह्यांच्या नांवावरून बुऱ्हाणपूर म्हटलें. पैलतीरावर शेख ज़ैनुद्दीनांच्या नांवावरून ज़ैनाबाद वसलें. ह्याच नासिरास गुजराथच्या सुलतानानें खान ही पदवी दिली, तिच्यावरून खानदेश, असें अबुल फ़ज़ल सांगतो, आणि इ. स. १६०१ त असीरगड घेतल्यावर अकबरानें शाहज़ादा दानियालच्या नांवावरून त्याचाच ‘दानदेश’ केला. (कृष्णभक्तांचा ‘कान्हदेश’ निराळाच.) त्यापूर्वीं ह्या प्रांताच्या दक्षिणेस सेउणदेश होता. हेमाद्रीच्या व्रतखंडांतील राजप्रशस्तींत तो यादव सेउणचंद्राच्या नांवावरून आल्याचें सांगितलें आहे, आणि शके ९९१ च्या वसई ताम्रपटांतहि सेउणचंद्रानें सेउणपुर वसविल्याचा उल्लेख आहे. ही खरी व्यक्तिनामावरून पडलेल्या नांवाची साक्ष: राजाच्याच वंशजाचा ताम्रपट, शक घातलेला, वंशावळ जोडलेली. नंदाच्या बाबतींत ह्यांपैकीं एकहि वस्तु नाहीं.

नंदाचा सख्खा भाऊ शोधावयाचा तर तो असीरगडावर आहे. फिरिश्त्यानें असा अहीर नांवाच्या एका धनाढ्य गुराख्याची गोष्ट दिली आहे. त्याचीं हजारों जनावरें होतीं, दुष्काळांत त्यानें लोकांस पोसलें, डोंगरावर तट बांधला, आणि ‘असा अहीर’ ह्याचाच संक्षेप होऊन ‘असीर’ झालें. पुढें नासिरखानानें बायकापोरांच्या डोल्यांत शिपाई घालून गड दग्यानें घेतला. फिरिश्ता ही गोष्ट सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरास बसून लिहीत होता. नांव फोडून त्याचा मनुष्य कसा बनवितात, ह्याचा ह्याहून ठळक नमुना मिळणार नाहीं. येथें दोन शब्द एका नांवांत कोंबले, नंदुरबारांत एका नांवांतून दोन शब्द काढले, फरक एवढाच.

तथापि सर्वच गवळी राजे एका मापानें मोजूं नयेत. नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरांत सिन्नर हें राव शिंगुणी नांवाच्या गवळी राजानें वसविलें व त्याचा मुलगा राव गोविंद ह्यानें गोंदेश्वराचें देऊळ बांधलें, अशी परंपरा आहे. गोविंद हा गोंदेश्वरांतून काढलेला दिसतो. पण शिंगुणी ह्या नांवांत यादव सिंघणाचा आवाज ओळखूं येतो, आणि सिन्नर तर यादवांचें जुनें ठिकाणच. येथें लोकांनीं खऱ्या राजास गवळी केलें. देवगिरीचे यादव स्वतःस कृष्णाच्या कुळांतले म्हणवीत, लोक कृष्णाला गवळ्याचें पोर समजत, म्हणून यादव ते गवळी, हा हिशेब साधा आहे. हेमाडपंती देवळास खानदेश-वऱ्हाडांत ‘गवळी राजाचें’ म्हणण्याची चाल ह्याच हिशेबानें पडली असावी. शिंगुणीच्या मागें सिंघण उभा आहे. नंदाच्या मागें गांवाच्या नांवाखेरीज कोणी उभा नाहीं.

आणि तरीहि नंदुरबारच्या परंपरेंतील अर्धा शब्द आम्ही अत्यंत मोलाचा समजतों. तो शब्द ‘गवळी’. सातवाहनांची सत्ता मोडल्यावर उत्तर महाराष्ट्रांत आभीरांचें राज्य झालें, हें कथा नसून लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर शिवदत्ताचा पुत्र राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं गोवर्धन येथील श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेविले, असा त्याचा आशय. इ. स. २४९ च्या सुमारास सुरू झालेला, पुढें कलचुरि म्हणून ओळखला गेलेला संवत् ह्याच आभीरांनीं चालविला असावा, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. पुराणांत दहा आभीर राजांस सदुसष्ट वर्षें दिलीं आहेत. त्यापूर्वीं इ. स. १८१ त सौराष्ट्रांतील गुंडा येथील लेखांत क्षत्रपांचा आभीर सेनापति भेटतो. अहीर ही जात व अहिराणी ही बोली खानदेशांत आजवर आभीरांचें नांव वाहत आहेत. तेव्हां ‘येथें पूर्वीं गवळ्यांचें राज्य होतें’ ही आठवण सोळा-सतराशें वर्षांची असूं शकेल. व्यक्तीचें नांव मात्र तिला फार मागाहून मिळालें.

हें मागाहूनपण सिद्ध करणारी गोष्ट म्हणजे खुद्द आभीरांचीं नांवें. गुंड्याच्या लेखांत बापक व त्याचा पुत्र रुद्रभूति. नाशिकास शिवदत्त व ईश्वरसेन. बापक हें घरगुती नांव सोडलें तर बाकीं शिवपर आहेत. नागार्जुनकोंड्याच्या लेखांतला आभीर राजा वसुषेण हा विष्णुमूर्तीच्या स्थापनेच्या संबंधानें येतो, पण त्याचेंहि नांव गोकुळांतलें नाहीं. चवथ्या-पांचव्या शतकांत नर्मदा-तापीच्या प्रदेशांत दानें देणाऱ्या महाराजांचीं नांवें स्वामिदास, भुलुंड, रुद्रदास. रुद्रदासाचा ताम्रपट तर शिरपूरचा, म्हणजे नंदुरबारच्या शेजारचाच. (१९८२ सालीं बाघ येथें ताम्रपटांचा मोठा संच निघाल्यापासून ह्या वल्खाच्या महाराजांविषयीं बरीच स्पष्टता आली आहे.) सातव्या शतकांत खानदेश व दक्षिण गुजराथ ह्यांवर सेंद्रक: भानुशक्ति, आदित्यशक्ति, निकुंभाल्लशक्ति, जयशक्ति. बाराव्या-तेराव्या शतकांत पाटण्याचे निकुंभ. त्यांतील सोन्हदेवानें भास्कराचार्याचा नातू चांगदेव ह्याच्या मठास शके ११२८ च्या लेखानें उत्पन्न लावून दिलें. हीं नांवें आम्हीं मुद्दाम ओळीनें दिलीं. ज्या काळांत नंदाचें घराणें बसवावयाचें त्या काळांत ह्या मुलुखांतले राजे आपल्या मुलांस काय म्हणत, हें त्यांवरून दिसतें. आणि गोकुळाची छाया त्यांपैकीं एकावरहि पडलेली नाहीं.

लोकांच्या तोंडच्या नांवाचा विचार केला तरी हेंच. सातपुड्यांतील भिल्ल-पावऱ्यांत वारावरून ठेविलेलीं सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशीं नांवें आढळतात. पठारावर दगडू, धोंडू, उखा हीं, मुलें जगत नाहींत म्हणून मुद्दाम हलकीं ठेविलेलीं. ह्या जिवंत नांवांच्या रानांत ‘नंद’ हें तत्सम, घांसून पुसून ठेविलेलें नांव उपरें दिसतें. तें कीर्तनांतून आलें आहे, गोठ्यांतून नाहीं.

संग्राहकांच्या दृष्टीनें ह्यांतून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, आज गांवांत मिळणारी तोंडी हकीकत ही १८८० च्या गॅझेटियराहून स्वतंत्र साक्ष समजूं नये. छापील मजकूर शाळामास्तर, कुळकर्णी व वकील ह्यांच्या हातून परत गांवांत जातो, आणि पन्नास वर्षांनीं तोच ‘वाडवडिलांपासून ऐकलेला’ म्हणून संशोधकास सांगितला जातो. म्हणून एखाद्या वंशावळींत अथवा क्षेत्रमाहात्म्यांत नंद गवळी आढळला तर कागद, शाई, अक्षराचें वळण व शेवटची पुष्पिका पाहून ती १८८० च्या अलीकडची कीं पलीकडची, हें आधीं ठरवावें. पलीकडची एकहि पोथी निघाली तर परंपरेचें वय वाढेल आणि आमच्या विवेचनांतील तेवढा भाग बदलावा लागेल. तरी गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति त्यानें बदलणार नाहीं.

दुसरी गोष्ट गांवाच्या नांवाच्या लेखनाची. सनदा, महजर, देशमुखी-देशपांडेपणाचे कागद व फारसी परवाने ह्यांच्या नकला करतांना बहुतेक मंडळी ‘नंदुरबार’ असें आजचें रूप घालून मोकळी होतात. तसें करूं नये. नंदरबार, नंदूरबार, नदरबार, नज़रबार, जें रूप मुळांत असेल तें अक्षरशः उतरावें. फारसींत नून आहे कीं नाहीं व दालावर नुक्ता आहे कीं नाहीं, हें वेगळें नोंदावें. आणि मोडींत दीर्घ ‘नां’ दिसल्यास तर अवश्यच. ‘नांदुरबार’ असें एखादें जुनें रूप मोडी दप्तरांत निश्चित कालासह हातीं आलें, तर ‘बार’ नंतर जोडला गेला व पूर्वींचें गांव नुसतें नांदूर होतें, हें वर मांडलेलें अनुमान पुष्कळ दृढ होईल. सुलतानपूर, प्रकाशें, थाळनेर व भामेर ह्या जुन्या ठाण्यांच्या दप्तरांत शेजारचें परगणें म्हणून नंदुरबारचा उल्लेख येणें स्वाभाविक आहे. शोध तेथूनच सुरू करावा.